जिताड्याच्या पिल्लांचे उष्टावण

जिताड्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा त्याची लांबी जेमतेम दीड मिलिमीटर असते. तोंड अजून फुटलेले नसते, डोळ्यांत रंग भरलेला नसतो आणि आतडे म्हणजे एक सरळ, बंद नळी असते. पोटाशी बलकाची पिशवी आणि तेलाचा एक थेंब, एवढीच त्याची शिदोरी. २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ती दोन-तीन दिवसांत सरत येते. तोवर तोंड उघडले, डोळ्यांना दिसू लागले आणि समोरून जाणारा पहिला घास पकडता आला, तरच पिल्लू जगते. उशीर झाला तर एक वेळ अशी येते की भोवती खाद्य भरपूर असूनही ते पकडण्याचे बळ पिल्लात उरत नाही.

हा पहिला घास जिवंत असावा लागतो. पण तेच पिल्लू महिना-दीड महिन्याने तळ्यात किंवा पाण्यातल्या पिंजऱ्यात जाईल, तेव्हा त्याला कारखान्यात तयार झालेला कोरडा दाणा खाता यायला हवा. घरी बाळाचे उष्टावण झाले म्हणून दूध त्याच दिवशी बंद होत नाही. भात हळूहळू वाढतो आणि दूध हळूहळू कमी होते. मत्स्यबीज केंद्रातही हेच करावे लागते. फरक इतकाच की एका टाकीत अशी लाखभर बाळे असतात, हाताशी थोडेच दिवस असतात आणि वेळ चुकली तर ती एकमेकांनाच खातात.

समुद्री मत्स्यसंवर्धनातल्या या टप्प्यावर अनेक देशांनी कित्येक दशके मेहनत घेतली आहे. त्या मेहनतीतून जे हाती आले ते असे: पिल्लाला दाण्याची सवय लावण्याआधी दाण्याला पिल्लाच्या शरीराशी जुळवून घ्यावे लागते. ते का आणि कसे, हे या प्रकरणात पाहू.

खारपट्ट्यातला मासा

जिताडा रायगडकरांना वेगळा सांगायला नको. गोव्यात त्याला चोणक म्हणतात, बंगालमध्ये भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय नाव लेटीस कॅल्कारिफर. हा मासा खारे, मचूळ आणि गोडे अशा तिन्ही पाण्यांत राहू शकतो. मोठे मासे अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात येतात. पिल्ले मात्र भरतीबरोबर आत शिरतात आणि कांदळवनात, खाजणात, पाणथळीत वाढतात. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात पावसाळ्यात खाडीतून मिळणारी अशी पिल्ले गोळा करून तळ्यात सोडण्याची पद्धत जुनी आहे. तळ्यातली कोळंबी आणि लहानसहान मासे खाऊन जिताडा मोठा होतो. या पद्धतीत दाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पिल्लू जन्मभर शिकार करूनच जगते.

पण या पद्धतीला मर्यादा आहे. खाडीत किती पिल्ले मिळतील हे पावसावर, भरतीवर आणि खाडीच्या प्रकृतीवर ठरते. गावातली चार तळी त्यावर भरतील. शेकडो पिंजरे आणि तलाव भरायचे तर बीज माणसानेच तयार करायला हवे. थायलंडमधल्या सोंगखला येथील केंद्राने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जिताड्याचे प्रजनन माणसाच्या देखरेखीखाली घडवून आणले. भारतात चेन्नईच्या केंद्रीय खारे जलीय मत्स्यपालन संस्थेने, म्हणजे ‘सिबा’ने, १९९७ मध्ये हे यश मिळवले. पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने २०१० मध्ये कोबिया आणि २०११ मध्ये सिल्व्हर पॉम्पॅनो या माशांचे प्रजनन साधले.

अंडी मिळवणे ही तशी पहिलीच पायरी. जिताड्याची मोठी मादी लाखोंनी अंडी घालते. त्या लाखोंमधून किती पिल्ले बोटाएवढी, म्हणजे बोटुकली होतात, हा खरा प्रश्न. मधल्या गळतीचा मोठा भाग दोन वेळी होतो: पहिला घास घेताना आणि जिवंत खाद्यावरून दाण्यावर येताना.

साल्मनला जमते ते जिताड्याला का जमत नाही

नॉर्वेतल्या साल्मनपालनात ही अडचण जवळजवळ नाहीच. साल्मनचे अंडे पाच-सहा मिलिमीटर व्यासाचे, बलकाने गच्च भरलेले असते. पिल्लू कित्येक आठवडे त्याच बलकावर वाढते. पहिला घास घेते तेव्हा ते सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, त्याचे जठर काम करू लागलेले असते आणि कोरडा दाणा ते लगेच स्वीकारते.

जिताड्याचे अंडे मिलिमीटरभरही नसते. बहुतेक समुद्री माशांचे धोरण असेच असते: थोडीच पण मोठी अंडी घालण्याऐवजी असंख्य बारीक अंडी पाण्यात सोडायची. अंडे बारीक म्हणून बलक थोडा, बलक थोडा म्हणून पिल्लू अपुऱ्या वाढीचे. ज्याची इंद्रिये आणि आतडे अजून घडत आहेत, अशा जिवाला बाहेरचे अन्न पकडून पचवावे लागते. रोहू-कटल्याच्या जिऱ्यांनाही, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना, सुरुवातीला तळ्यातले प्लवंग लागतात. पण काही दिवसांतच ती शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा यांच्या मिश्रणाला तोंड लावतात. शिकारी समुद्री माशांच्या बाबतीत हा बदल इतका सोपा नाही.

जिवंत घासाची शेती

निसर्गात समुद्री पिल्लांचे मुख्य अन्न म्हणजे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी आणि त्यांची पिल्ले. ती टाकीत मोठ्या संख्येने वाढवणे कठीण असते. म्हणून माणसाने त्यांना दोन पर्याय शोधले.

पहिला पर्याय आर्टेमिया. मिठागरांच्या आणि खारट सरोवरांच्या पाण्यात वाढणारा हा लहान प्राणी प्रतिकूल काळात टणक कवचाची सुप्त अंडी घालतो. ती वाळवून डब्यात भरली तरी बराच काळ टिकतात आणि समुद्राच्या पाण्यात टाकली की साधारण २४ तासांत त्यांतून पोहणारी पिल्ले निघतात. नॉर्वेचे गुन्नार रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये माशांची पिल्ले वाढवण्यासाठी त्यांचा वापर करून दाखवला. आज जगभरच्या हॅचऱ्यांना, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांना, लागणाऱ्या आर्टेमियाच्या अंड्यांचा मोठा हिस्सा अमेरिकेतल्या यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. आपल्या मुंबईच्या मिठागरांतही आर्टेमिया आहे, सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची नोंद १९५३ मध्येच केली होती.

पण आर्टेमियाचे पिल्लूही ४०० ते ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. जिताड्याच्या दोन-तीन दिवसांच्या पिल्लाच्या तोंडात ते मावत नाही. ही अडचण जपानमध्ये सुटली. तिथल्या ईलपालकांना तलावांतला रोटिफर हा सूक्ष्म प्राणी नकोसा वाटे, कारण तो झपाट्याने वाढून पाण्यातले शेवाळ फस्त करी आणि पाणी बिघडे. १९६० मध्ये ताकाशी इतो यांनी याच रोटिफरचा माशांच्या पिल्लांचे खाद्य म्हणून वापर सुरू केला. १०० ते ३०० मायक्रॉनचा, संथ पोहणारा, नराशिवायही झपाट्याने वाढणारा रोटिफर समुद्री हॅचरीचा पहिला घास ठरला आणि आजही आहे.

यातूनच जिताड्याच्या संगोपनाचे वेळापत्रक बसले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोटिफर, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आर्टेमिया, आणि तिसऱ्या आठवड्यात हळूहळू दाणा. टाकीत नॅनोक्लोरोप्सिससारखे सूक्ष्म शेवाळ सोडून पाणी हिरवट ठेवतात. त्यात रोटिफर टिकतो आणि हिरव्या पार्श्वभूमीवर पिल्लांना भक्ष्य उठून दिसते.

पुढचा धडाही जपानमधूनच आला. १९७० च्या दशकात तिथे यीस्टवर वाढवलेले रोटिफर खाऊन माशांची पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली. पोट भरलेले असूनही पिल्ले का मरतात, याचे उत्तर ताकेशी वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्या रोटिफरमध्ये समुद्री माशांना अत्यावश्यक असलेली लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्ले नव्हती. मेंदू, डोळे आणि पेशींचे पडदे घडवायला ती लागतात. तेव्हापासून रोटिफर आणि आर्टेमिया पिल्लांना देण्याआधी काही तास माशाच्या तेलाच्या दुधासारख्या मिश्रणात ठेवून पौष्टिक करण्याची रीत पडली. तरी आर्टेमियाची मर्यादा राहतेच: त्याच्या अंगी गेलेल्या डीएचए या स्निग्धाम्लाचा काही भाग तो स्वतःच दुसऱ्या रूपात बदलून टाकतो.

थोडक्यात, समुद्री हॅचरीत माशांशिवाय आणखी तीन शेती चालवाव्या लागतात: शेवाळाची, रोटिफरची आणि आर्टेमियाची. एक शेती कोलमडली की माशांची पिल्ले उपाशी. खर्चही थोडा नाही. एका टाकीत लाखभर पिल्ले आहेत आणि प्रत्येक पिल्लू दिवसाला हजार आर्टेमिया खाते असे मानले, तर रोज दहा कोटी आर्टेमिया लागतील. एक ग्रॅम अंड्यांतून साधारण दोन ते तीन लाख पिल्ले निघतात, म्हणजे एका टाकीसाठी रोज सुमारे ३३० ते ५०० ग्रॅम आयात अंडी. पिल्ले वाढतील तशी ही भूकही वाढत जाते. शिवाय ग्रेट सॉल्ट लेकमधले उत्पादन दरवर्षी सारखे नसते आणि भाव त्याप्रमाणे चढतात. जिवंत खाद्याबरोबर जिवाणूही टाकीत शिरतात. दाण्यावर लवकर आणि सुखरूप येणे हॅचरीला का हवे असते, ते यावरून कळावे.

जठर येण्याआधी

मग दाणा पहिल्याच दिवशी का देऊ नये? कारण पिल्लाचे पोट त्याला तयार नसते.

मोठ्या जिताड्याच्या जठरात आम्ल असते आणि त्या आम्लात पेप्सिन हे विकर प्रथिनांचे मोठे रेणू तोडते. पहिल्या दोन आठवड्यांच्या पिल्लाला जठरच नसते. त्याचे पचन अल्कधर्मी आतड्यात, स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिनसारख्या विकरांवर चालते. काही प्रथिने तर अर्धवट पचलेलीच राहतात आणि आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशी ती जशीच्या तशी आत ओढून घेतात. सिंगापूरमध्ये वॉलफर्ड आणि लॅम यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जिताड्याच्या पिल्लात जठर तेराव्या दिवसाच्या सुमारास वेगळे दिसू लागले आणि सतराव्या दिवसाच्या सुमारास ते काम करू लागले. हॅचरीतला दाण्याचा मुहूर्त तिसऱ्या आठवड्यातच का येतो, याचे कारण इथे सापडते.

जिवंत खाद्य या अपुऱ्या पचनसंस्थेला सोसते. रोटिफर आणि आर्टेमियाच्या शरीरात ८० ते ९० टक्के पाणी असते, प्रथिनांचा बराच भाग विद्राव्य असतो आणि मुक्त अमिनो आम्ले थेट शोषली जातात. भक्ष्याच्या अंगातली विकरे पिल्लाला पचनात मोठी मदत करतात, असे एकेकाळी मानले जाई. पुढच्या मोजमापांत हा वाटा फार लहान निघाला. जिवंत खाद्याचा खरा फायदा त्याच्या बांधणीत आहे. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के, आणि मासळीची भुकटी तयार होताना तापून घट्ट झालेली प्रथिने. हे पचवायला जे जठर लागते तेच पिल्लाजवळ नसते.

फ्रान्समध्ये ब्रेस्ट येथे शांताल काहू आणि जोझे झांबोनिनो-इन्फांते यांनी या अडचणीकडे उलट बाजूने पाहिले. युरोपियन सी बास हा मासा घेऊन, दाण्यात काय बदलले तर लहानसे आतडे तो पेलू शकेल, याचा त्यांनी अनेक वर्षे शोध घेतला. त्यांना दोन महत्त्वाच्या गोष्टी आढळल्या. मासळीच्या प्रथिनांचा काही भाग आधीच विकरांनी तोडून, लहान पेप्टाइडांच्या रूपात दिला तर पिल्ले अधिक जगतात आणि त्यांचे आतडे लवकर पक्व होते. मात्र हे प्रमाण जास्त झाले तर फायदा उलटतो. दुसरी गोष्ट फॉस्फोलिपिडांची. पिल्लू स्वतः ती पुरेशी बनवू शकत नाही, आणि दाण्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के इतके मोठे प्रमाण दिले तेव्हा वाढ चांगली झाली आणि सांगाड्यातले व्यंग कमी झाले. कोपेपॉडच्या शरीरात स्निग्धांश बहुतांशी याच रूपात असतो. निसर्गाच्या घासात जे होते ते दाण्यात परत आणले, तेव्हा तो दाणा पिल्लाला मानवला. या बदलांमुळे सी बासच्या पिल्लांना तोंड उघडल्यापासूनच दाण्यावर वाढवणे प्रयोगशाळेत शक्य झाले. व्यवहारात मात्र बहुतेक हॅचऱ्या आजही रोटिफर आणि आर्टेमियानेच सुरुवात करतात.

एका दाण्याची घडण

पिल्लाचा दाणा म्हणजे मोठ्या माशाचे खाद्य चुरून चाळलेली पूड नव्हे. सुरुवातीचा कण २०० ते ३०० मायक्रॉनचा असतो. इतक्या बारीक कणात प्रत्येक घटक हवा: ५० टक्क्यांहून अधिक प्रथिन, स्निग्धांश, फॉस्फोलिपिड, जीवनसत्त्वे, खनिजे. एका कणात जीवनसत्त्व आहे आणि शेजारच्यात नाही, असे चालत नाही. पिल्लाच्या पोटात एका वेळी थोडेच कण जातात. म्हणून सगळे घटक कणाहून कितीतरी बारीक दळावे लागतात.

दुसरी अडचण पाण्याची. कण जितका लहान, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. व्यास निम्मा झाला की हे प्रमाण दुप्पट होते. पिल्लांना सर्वाधिक हवी असतात ती मुक्त अमिनो आम्ले आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात निसटतात. कणाभोवती कवच घातले तर पोषण टिकते, पण कवच फार घट्ट झाले तर पिल्लाला ते पचत नाही.

वेल्समध्ये डी. ए. जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये जलचरांसाठी सूक्ष्म कुपीतल्या खाद्याचा मार्ग मांडला. दुसरीकडे अल्जिनेट, जिलेटिन किंवा मक्यातले झीन हे प्रथिन वापरून सगळे घटक एकत्र बांधण्याच्या पद्धती आल्या. पुढे बारीक छिद्रांतून दाबून काढलेले तुकडे फिरत्या तबकडीवर गोल करण्याचे तंत्र आले. त्यातून एकसारख्या आकाराचे, कमी विरघळणारे आणि हळू बुडणारे कण मिळू लागले. हळू बुडणे फार महत्त्वाचे, कारण पिल्लू तळाला जाऊन खात नाही. कण पाण्यात तरंगत असताना त्याच्या नजरेसमोर आला तरच ते झडप घालते.

वासही लागतो. स्क्विड, क्रिल आणि मासळीच्या अर्कांतली विद्राव्य द्रव्ये पिल्लाला खाद्याकडे खेचतात. म्हणजे हीच द्रव्ये थोडी पाण्यात सुटायला हवीत, आणि हीच कणात टिकायलाही हवीत. पिल्लाचा दाणा बनवणाऱ्याला प्रत्येक बाबतीत असा मध्य गाठावा लागतो.

बदलाचे दिवस

आता टाकीकडे वळू. आर्टेमिया उड्या मारत पोहते, दाणा निपचित बुडतो. हलणाऱ्या वस्तूवर झडप घालण्यासाठी घडलेल्या डोळ्यांना दाणा हे अन्न आहे हे शिकवावे लागते. हे शिकणे पिल्लाच्या वयापेक्षा त्याच्या आकारावर आणि तब्येतीवर अवलंबून असते. म्हणून अनुभवी माणूस दिवस मोजण्याबरोबर पिल्लांची लांबी आणि रंग पाहतो.

पद्धत साधारण अशी. आर्टेमिया चालू असतानाच दाणा सुरू करतात. सकाळी पिल्ले उपाशी असताना आधी थोडा दाणा, मग काही वेळाने आर्टेमिया. दिवसभरात अगदी थोड्या थोड्या प्रमाणात, पण पुष्कळ वेळा दाणा टाकतात. हवेचे बुडबुडे असे सोडतात की कण पाण्यात फिरत राहतील. रोज आर्टेमिया थोडी कमी, दाणा थोडा जास्त. आठवडा-दहा दिवसांत आर्टेमिया थांबते. कणाचा आकारही पिल्लाच्या तोंडाबरोबर ४००, ६००, ८०० मायक्रॉन असा वाढवत नेतात आणि दोन आकार काही दिवस एकत्र देतात. पूर्वी आग्नेय आशियात मासळीचा बारीक खिमा देऊन हा बदल घडवत; त्याने पाणी लवकर बिघडते आणि रोगही शिरतो.

पिल्लाने दाणा घेतला की नाही हे कळते कसे? त्या वयात पिल्लाचे अंग बरेचसे पारदर्शक असते. आर्टेमिया खाल्लेले पोट केशरी दिसते, दाणा खाल्लेले तपकिरी. चंचुपात्रात काही पिल्ले घेऊन उजेडात धरली की टाकीतल्या किती पिल्लांनी नवा घास स्वीकारला याचा अंदाज येतो. ज्यांनी तो स्वीकारलेला नाही ती लवकरच ओळखू येतात: डोके मोठे, पोट आत गेलेले, रंग काळवंडलेला, कडेला एकटी रेंगाळणारी.

या दिवसांत टाकीच्या स्वच्छतेवर सगळे अवलंबून असते. न खाल्लेली आर्टेमिया जिवंत राहते, न खाल्लेला दाणा मात्र तळाशी कुजतो. अमोनिया वाढतो, जिवाणू वाढतात आणि नाजूक पिल्ले मरतात. तळ रोज नळीने ओढून साफ करावा लागतो, पाणी बदलावे लागते. पाण्यावर तेलाचा तवंग तर सुरुवातीपासूनच साचू द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लू पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते आणि त्यातूनच त्याचा वाताशय प्रथम फुगतो. पौष्टिक केलेल्या रोटिफरच्या तेलाचा तवंग आडवा आला तर हा घोट चुकतो. वाताशय न फुगलेले पिल्लू नीट पोहू शकत नाही आणि पुढे त्याचा कणा वाकतो.

घाई केली तर अपुऱ्या जठराची पिल्ले उपाशी मरतात, आणि उशीर केला तर आर्टेमियाची सवय पक्की होते व खर्च वाढत जातो. या दोन्हींच्या मध्ये जिताड्याचा स्वतःचा एक स्वभाव आडवा येतो.

एकमेकांना खाणारी पिल्ले

जिताडा शिकारी आहे आणि ही शिकार लहानपणीच सुरू होते. पिल्ले सेंटिमीटरभर झाली की मोठी लहानांना गिळू लागतात. स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश लांबीचे भावंड पिल्लू गिळू शकते. सगळी एका आकाराची असतील तर हे होत नाही. पण दाण्यावर येताना नेमका आकारातच फरक पडतो. ज्यांनी दाणा लवकर घेतला ती झपाट्याने वाढतात, ज्यांनी घेतला नाही ती मागे पडतात. मागे पडलेले पिल्लू पुढे गेलेल्याला हलणारे, जिवंत, सोयीचे भक्ष्य वाटते. म्हणजे दाणा सगळ्यांना सारखा न पोचणे हेच स्वजातिभक्षणाचे मोठे कारण.

यावर उपाय दोन. खाद्य कमी पडू न देता टाकीच्या सर्व भागांत पोचवणे, आणि दर काही दिवसांनी पिल्ले आकारानुसार वेगळी करणे. ठरावीक फटींच्या चाळणीतून लहान पिल्ले खाली निसटतात, मोठी वर राहतात. पिल्लांना इजा न होता हे काम हातांनी, सबुरीने करावे लागते. बोटुकली तयार होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि एका टाकीतून किती बोटुकली निघतील हे बरेचसे त्यावर ठरते.

सर्वच माशांची तऱ्हा अशी नाही. पॉम्पॅनोची पिल्ले दाणा सहज घेतात आणि एकमेकांना फारशी खात नाहीत. दुसऱ्या टोकाला ईल आहे. त्याच्या पिल्लासाठी जपानी शास्त्रज्ञांना शार्क माशाच्या अंड्यांची पातळ पेस्ट शोधावी लागली. २०१० मध्ये जपानमध्ये ईलचे जीवनचक्र बंदिस्त जागेत पूर्ण झाले, तरी ते खाद्य स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर देणे हे अवघडच काम राहिले. प्रत्येक माशाचे तोंड, पोट आणि स्वभाव निराळा. एकासाठी बसवलेले वेळापत्रक दुसऱ्याला लागू पडत नाही.

कोकणच्या खाडीपर्यंत

महाराष्ट्रात कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून राबवली जाते. खाडीकाठच्या गावांना कांदळवन राखून उत्पन्न मिळावे म्हणून खेकडापालन आणि कालवांबरोबर पिंजऱ्यातल्या जिताड्याचाही तिच्यात समावेश आहे. पिंजऱ्यातला मासा तळ्यातल्यासारखी शिकार करत हिंडू शकत नाही. त्याला रोज खाऊ घालावे लागते. मासळीचे तुकडे घातले तर खर्च मासळीच्या भावाबरोबर चढतो, पाणी घाण होते आणि खाडीतली लहान मासळी उपसली जाते ती वेगळीच. दाणा घालता आला तर खर्चाचा आधीच हिशेब करता येतो आणि खाद्य साठवून ठेवता येते. पण हे शक्य होते ते बीज दाण्यावर नीट आलेले असेल तरच. ज्या पिल्लाने हॅचरीत दाणा स्वीकारला नाही ते पिंजऱ्यात येऊन तो स्वीकारेल, ही आशा बहुधा फुकट जाते. ते खंगते किंवा शेजाऱ्याच्या पोटात जाते.

म्हणून जिताड्याचे बीज विकत घेणाऱ्याने बोटुकलीची लांबी आणि भाव यांच्या आधी चार गोष्टी तपासाव्यात. पिल्ले दाण्यावर किती दिवसांपासून आहेत, आर्टेमिया पूर्ण बंद होऊन किती दिवस झाले? दाण्याचा कोणता आकार आणि कोणता प्रकार चालू आहे, म्हणजे आपल्याकडे पहिले काही दिवस तोच देता येईल? आकारानुसार शेवटची विभागणी केव्हा झाली? आणि शक्य असेल तर आपल्यासमोर मूठभर दाणा टाकीत टाकायला सांगावे. निरोगी, दाण्यावर आलेली पिल्ले तो कण बुडण्याआधी टिपतात. काही मिनिटे टाकीकडे पाहिले तरी बीजाची पारख होते.

हॅचरीनेही ही माहिती मागितल्याशिवाय द्यायला हवी. महिनाभर रोटिफर वाढवणारा, रात्री आर्टेमिया काढणारा आणि दिवसातून दहा वेळा चिमूट चिमूट दाणा टाकणारा कामगार हा या धंद्यातला सर्वांत कसबी माणूस आहे. मोबदला आणि प्रशिक्षण देताना त्याचा विचार शेवटी होता कामा नये. खारपट्ट्यातल्या जुन्या तळ्यांत जिताड्याला वाढवण्याचे शहाणपण कोकणाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता त्याला जोड हवी ती पहिल्या तीस-चाळीस दिवसांच्या शास्त्राची. चांगल्या दाण्यावर सुखरूप आलेले बीज आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच माणसांच्या हातून तयार होऊ लागले, तर पिंजरे भरायला खाडीतली पिल्ले उपसावी लागणार नाहीत आणि आयातीवरचा खर्चही आटोक्यात येईल. त्यासाठी पैसा आणि माणसे गुंतवण्याची जागा अंड्यांपेक्षा अधिक तिसऱ्या आठवड्यातल्या त्या टाकीत आहे.